दोन आळ्यांशी वैर

आ-क्यावच्या गाडीवर वड्या घ्यायला गेलं की आधी बोलणी खायची आणि मग वड्या. माशाचा लगदा तेलात सोडता सोडता तिचं तोंड चालू असे. कुणाच्या पोराला म्हणायची, बोटं चाटायची ती चाट, पण माझ्या चटणीच्या बरणीत घालू नकोस. कुणा बाईला म्हणायची, गेल्या खेपेला शिळ्या होत्या म्हणे माझ्या वड्या, मग आज कशाला आलीस, पोट साफ करायला? तरी रांग असायची. तैवानच्या या कीलुंग बंदरातल्या लोकांना पाऊस आणि आ-क्यावचं तोंड या दोन्हीची सवय झाली होती. दोन्ही थांबायची वाट पाहत बसलं तर उपाशीच राहावं लागलं असतं.

गाडी उभी असायची ती खालच्या आळीच्या वाद्यमंडळाच्या दारासमोर. ती काही धंद्याची जागा नव्हे. मासळीबाजाराच्या तोंडाशी राहिली असती तर दुप्पट विक्री झाली असती. पण आत मंडळाची तालीम चाले, ती तिला बाहेरून ऐकता येई, आणि ऐकून नावं ठेवता येत. आतला कुणी सनईवर घसरला की बाहेरून आवाज यायचा, "मांजर चिरडलं का रे?"

आमच्याकडे बंदराच्या मागे लगेच डोंगर सुरू होतो. डोंगराच्या कुशीत वरची आळी, गोदीला लागून खालची. दोन्ही आळ्यांची आपापली वाद्यमंडळं, आणि त्यांचं वैर माझ्या पणजोबांच्याही आधीपासूनचं. वरचे नारळाच्या करवंटीची सारंगी वाजवतात, खालचे सापाच्या कातड्याची. वरच्यांचा देव वेगळा, खालच्यांचा वेगळा. बाहेरच्याला दोघांचं वाजवणं सारखंच वाटेल, पण असं म्हणालात तर दोन्हीकडून मार खाल. माझं केशकर्तनाचं दुकान नाल्यावरच्या पुलाशी, दोन्ही आळ्यांच्या मधे. खुर्च्या दोन. डावीवर वरची आळी बसते, उजवीवर खालची. माझ्या वडिलांनी घालून दिलेली रीत आहे ती, आणि तिच्यावरच मी धंदा टिकवला.

समुद्रमातेची पालखी निघते त्या दिवशी दोन्ही मंडळं आपापल्या आळीतून वाजवत निघतात आणि मासळीबाजाराच्या चौकात समोरासमोर येतात. तिथे कुणी वाट सोडायची नाही. वाजवत राहायचं. ज्यांचा सूर आधी तुटेल त्यांनी निशाण गुंडाळून बाजूला व्हायचं. मग वर्षभर त्यांना बाजारात मान वर करून मासळी घेता येत नाही.

आ-क्यावचा बाप थो-हाय गोदीत पोती वाहायचा. खालच्या आळीचा सनईवाला तो. आमची सनई नाजूक नसते, तिचं पितळी तोंड बोटीच्या भोंग्याला उत्तर देईल असं. थो-हाय डोळे मिटून वाजवायचा आणि श्वास कधी घेतो ते कळायचं नाही. तो होता तोवर खालच्यांना निशाण गुंडाळावं लागलं नव्हतं.

ती अकरा वर्षांची असताना चौकात मारामारी झाली. दोन्ही मंडळं दुपारपासून अडून उभी होती, कुणी मागे सरेना. मग कुणीतरी कुणालातरी ढकललं, झांजा फेकल्या गेल्या, निशाणांचे बांबू फिरले. गर्दी फुटली तेव्हा थो-हाय रस्त्यावर गुडघे टेकून बसला होता. वरचा ओठ फाटलेला, पुढचे दात गेलेले, आणि सनई छातीशी धरलेली. त्या दिवशी खालच्यांचा सूर तुटला. वरच्या आळीत बातमी पसरली की बुन-तेकने थो-हायचं तोंड फोडलं. बुन-तेक हा वरच्यांचा एकोणीस वर्षांचा झांजवाला. त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. पुढे तोच त्यांचा सनईवाला झाला आणि 'दातपाड्या' हे नाव त्याला जन्मभर चिकटलं, मानाचं म्हणून.

दात नसले की ही सनई वाजत नाही. ओठांना आधार लागतो. मंडळाने थो-हायला घंटा टांगायची चौकट वाहायचं काम दिलं. घरी मात्र त्याने वेगळंच सुरू केलं. सनईची फुंकायची पत्ती पोरीच्या ओठांत द्यायचा आणि भोकांवर बोटं स्वतःची ठेवायचा. फुंकर तिची, बोटं त्याची. बंदराच्या बांधावर, जिथे लाटांच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही, तिथे दोघं असे एका सनईला चिकटून बसलेले मी पाहिले आहेत. तेव्हा मी हसलो होतो, सगळीच पोरं हसायची. हळूहळू त्याने एकेक बोट काढून घेतलं.

पंधराव्या वर्षी ती सनई घेऊन मंडळाच्या दारात गेली. म्हणाली, बापाची जागा रिकामी आहे, मी बसते. बायकांनी सनईला तोंड लावलं की देव उठून जातो असं तेव्हा मानत. आतल्या म्हाताऱ्यांनी तिला बाहेर काढलं, आणि तिने उंबरठ्यावर पाय ठेवला होता म्हणून उंबरठा पाण्याने धुतला. थो-हाय आत चौकटीशी उभा होता.

तिथून तिचं वैर दुहेरी झालं. वरची आळी बापाच्या दातांसाठी, खालची उंबरठ्यासाठी. बाप गेला, तिने बोटीच्या इंजिनावरच्या एका मिस्त्रीशी लग्न केलं, तो काओशुंगला कामाला म्हणून गेला तो तिकडेच राहिला. मूल नव्हतं. ती वड्या तळायला लागली आणि जोडीला मयतीच्या बँडमध्ये सनई वाजवायला. तिथे बायका चालतात. मेलेल्याचा देव आधीच उठून गेलेला असतो, असं ती म्हणायची. मंडळातले लोक पैशासाठी वाजवत नाहीत, त्यातच त्यांचा ताठा. त्यामुळे तिला आणखी एक नाव पडलं, 'मढ्याची सनई'. तिने ते ऐकलं आणि त्याच आठवड्यात गाडी मंडळाच्या दारासमोर आणून लावली.

अशी चाळीसेक वर्षं गेली. दरम्यान बंदरावरची कामं यंत्रांनी घेतली, तरुण पोरं ताइपेला गेली, आणि दोन्ही मंडळांत म्हातारेच उरले. मग नगरपालिकेला कलेचा उमाळा आला. शरदात बंदर कला महोत्सव भरायला लागला. जुन्या गोदामात चित्रांचं प्रदर्शन, फेरीबोटीवर शाळेच्या पोरांचं समूहगान, घाटावर बाहुल्यांचे खेळ, कागदी दिव्यांची स्पर्धा. गावभर कार्यक्रमच कार्यक्रम, आणि खांबाखांबावर त्यांची भित्तिपत्रकं. बंदरासमोर काचेचं नवं सभागृहही उभं राहिलं होतं. संस्कृती खात्यातली यू-वेन नावाची एक मुलगी माझ्या दुकानात आली आणि दोन्ही आळ्यांच्या मंडळांना एका मंचावर कसं आणता येईल ते विचारायला लागली. मी म्हटलं, "रुग्णवाहिका सांगून ठेवा."

पण तिने पिच्छा सोडला नाही. दोघांनाही तिने एकच गोष्ट सांगितली, की तुम्ही नाही म्हणालात तर सगळा वेळ समोरच्यांना देऊ. दोघंही तयार झाले. आधी आपापलं वाजवायचं, शेवटी एक चाल एकत्र.

खालच्यांची अडचण वेगळी होती. त्यांचा सनईवाला मोतीबिंदू आणि दम्याने बेजार होता, आणि दुसरा कुणी नव्हता. वरच्यांकडे बुन-तेक अजून वाजवत होता. बिनसनईचं मंडळ घेऊन वरच्यांसमोर बसणं म्हणजे बसायच्या आधीच निशाण गुंडाळणं.

खालच्यांचा प्रमुख गिन-सान. खिळेमोळे विकायचं दुकान त्याचं, जाडजूड माणूस, मंडळात घंटा वाजवायचा. तो एका सकाळी आ-क्यावच्या गाडीसमोर येऊन उभा राहिला. मी रांगेत होतो.

"तुझ्याकडे थोडं काम होतं," तो म्हणाला.

"किती वड्या?"

"वड्या नकोत."

"मग बाजूला हो. मागच्या माणसाला भूक लागलीय."

तो बाजूला झाला. रांग संपेपर्यंत हात चोळत थांबला आणि मग कसंबसं बोलला. मंडळाची इच्छा आहे, काळ बदललाय, आता बायकांनी वाजवलं तरी कुणी मनावर घेत नाही.

"कुणी म्हणजे तूच ना," ती म्हणाली. "तुला आता सुचलं. तुमचा म्हातारा खोकायला लागल्यावर."

"येतेस की नाही तेवढं सांग."

"येईन. पण चालत येणार नाही. निशाण, घंटा, ढोल घेऊन माझ्या दारी या. पाहुण्या कलावंताला आणतात तसं न्यायचं, आणि दिवसाढवळ्या, बाजारातून. उंबरठा धुवायचा असेल तर माझ्या येण्याच्या आधी धुवा."

मंडळात यावरून बराच आरडाओरडा झाला म्हणतात. दोघांनी राजीनामा द्यायची धमकी दिली. शेवटी ते आले. भर बाजारातून निशाण घेऊन तिच्या दारी गेले, आणि ती तेलाचे डाग पडलेल्या कपड्यांतच, बापाची सनई काखेत मारून, त्यांच्या पुढे चालत आली. चेहऱ्यावर आनंद काही नव्हता. मासे घासाघीस करून घेतल्यावर असतो तसा चेहरा.

एकत्र तालमी सभागृहात झाल्या, आणि रोज भांडण. टेबलावर कुणाच्या देवाची मूर्ती, यावरून पहिला दिवस गेला. यू-वेनने दोन टेबलं मांडली तर ती उंचीला कमीजास्त निघाली, यावरून दुसरा. सूर कुणाचा धरायचा यावरून तर गोष्ट हातघाईवरच आली होती. बुन-तेक आणि आ-क्याव समोरासमोर बसत. तो सत्तरीचा, सडपातळ, केस काळे केलेले (मीच करून देत असे). तो म्हणाला, मयतीत वाजवून वाजवून हिच्या सनईला वास मारतो. ती म्हणाली, पुढच्या खेपेला तुझ्याच दारी वाजवायला येते, तेव्हा नीट हुंग. यू-वेन बिचारी मधे उभी राहून दोघांना कोमट पाणी देत होती.

महोत्सव दोन दिवसांवर आला तेव्हा बुन-तेक केस रंगवायला माझ्याकडे आला. डाव्या खुर्चीत बसला, मी रंग लावला, मग दाढीला साबण लावला. तेवढ्यात दार ढकलून आ-क्याव आत आली. तालमीत त्याने तिच्या बापाच्या एका चालीला 'हमालाची चाल' म्हटलं होतं, ते तिला पचलं नव्हतं.

"बापाचे दात पाडलेस तेव्हा लाज वाटली नाही," ती म्हणाली, "आता त्याच्या चालीलाही हात घालतोस?"

बुन-तेक आरशातून तिच्याकडे बघत राहिला. गालावर माझा वस्तरा होता, म्हणून तो हलला नाही. मग म्हणाला, "वस्तरा काढ रे जरा."

मी काढला.

"मी नाही पाडले," तो म्हणाला.

ती हसली. तिला वाटलं, म्हातारपणी घाबरला.

"माझ्या झांजेचा पट्टा तुटला होता. झांज उचलायला मी वाकलो. तुमचा निशाणवाला बाजूने बांबू घेऊन माझ्यावर आला. मी खाली, आणि तुझा बाप तेवढ्यात वाजवता वाजवता इकडे वळला. त्याच्या तोंडावर बसला तो बांबू. मी डोकं वर केलं तर तुझा बाप गुडघ्यावर, आणि आमचे लोक मला उचलत होते."

"निशाण कुणाकडे होतं?"

"तुलाच ठाऊक असेल. त्या वर्षी त्याला पहिल्यांदाच धरायला दिलं होतं. दुकानदाराचा पोर."

गिन-सान. आताचा मंडळाचा प्रमुख.

"आणि तू इतकी वर्षं गप्प?" मीच विचारलं. मला राहवलं नाही.

"एकोणीस वर्षांचा होतो," बुन-तेक म्हणाला. "खांद्यावर घेतलं लोकांनी. खाली उतरवा, मी काही केलं नाही, असं म्हणू? माझं लग्न त्या नावावर जमलं."

आ-क्याव मग जे बोलली ते आमच्याशी नव्हतं. ती म्हणाली की शिव्या सगळ्या आईनेच दिल्या होत्या. बापाने बुन-तेकला कधी एक शब्द लावला नाही. घरात त्याचं नाव निघालं की बाप उठून बाहेर जाऊन बसायचा.

म्हणजे थो-हायला माहीत होतं. पण त्याला खालच्या आळीतच राहायचं होतं, गोदीतलं काम गिन-सानच्या बापाच्या ओळखीने होतं, आणि मंडळाशिवाय त्याला दुसरं काही नव्हतं. म्हणून तो चौकट वाहत राहिला.

ती तिथून तशीच गिन-सानच्या दुकानात गेली. हे मला तिथल्या नोकराकडून कळलं. तिने काउंटरसमोर उभं राहून विचारलं, बांबू तुझ्या हातात होता का? गिन-सान कुणासाठी तरी खिळे तोलत होता. तो तोलतच राहिला. पारडं खाली गेलं तरी आणखी टाकत राहिला. शेवटी म्हणाला, "इतक्या वर्षांनी आता काय त्याचं?"

"इतकंच विचारायचं होतं," ती म्हणाली आणि निघून आली.

मला वाटलं, ती आता वाजवायला जाणार नाही. गिन-सानलाही तसंच वाटलं असणार, कारण कार्यक्रमाच्या दिवशी तिला मंचाच्या मागे पाहून त्याचा रंग उडाला. सभागृह भरलं होतं. ताइपेहून लोक आले होते, कॅमेरे होते. वरच्या आळीचे डावीकडे बसलेले, खालचे उजवीकडे, मधे खात्याची माणसं.

पहिला मान चिठ्ठी टाकून खालच्यांना मिळाला होता. ढोलवाल्याने सुरुवात केली, घंटा पडली, आ-क्यावने सनई तोंडाला लावली. पहिला काही वेळ सगळं ठरल्याप्रमाणे चाललं. मग ती वळली. तालमीत बसवलेली चाल तिने सोडली आणि बापाची जुनी चाल धरली. तीच, ज्यात एकेक ओळ तीनतीनदा वळसे घेऊन येते आणि श्वास घ्यायला जागा नसते. मंडळाने ती केव्हाच टाकून दिली होती, कारण थो-हायनंतर कुणाला जमत नव्हती. ढोलवाला तिच्या मागे धावला, अडखळला, परत धावला, थांबला. सारंगीवाला थांबला. गिन-सान घंटेचा दांडा हातात धरून बसला होता, कुठे मारायचा ते त्याला कळेना. एकेक करून सगळं मंडळ गप्प झालं आणि ती एकटी वाजवत राहिली.

तेव्हा मंचाच्या डाव्या कडेला आपल्या पाळीची वाट बघत असलेल्या बुन-तेकची सनई सुरू झाली. तो तिच्या मदतीला आला असं पुढे वर्तमानपत्रात आलं. मी समोर बसलो होतो. मदत वगैरे काही नव्हती. तिला पाडायला आला होता तो. तिची ओळ संपायच्या आत त्याने आपली घुसवली, वरच्या सुरात, उर्मट. तिने ती त्याच्याच तोंडावर उलटवली. हमालाची चाल म्हणाला होता ना, मग तिने ती अशी वाजवली की पाठीवर पोती घेऊन माणसं फळीवरून धावताहेत असं वाटावं. त्याने तोडली, तिने जोडली. लोक उभे राहिले. यू-वेन टाळ्या वाजवत होती. तिला वाटलं, हे दोघांनी गुपचूप बसवलंय.

बुन-तेकचा दम आधी तुटला. सनई खाली आली आणि तो खुर्चीत बसला. आ-क्यावने ओळ पुरी केली. मग समोरच्या माईककडे वाकून म्हणाली, "ही चाल माझ्या बापाची. त्याचे दात कुणी पाडले ते आता बुन-तेकला नका विचारू, गिन-सानला विचारा."

आणि पायऱ्या उतरून मधल्या वाटेने बाहेर गेली. एकत्र वाजवायची चाल राहूनच गेली.

पुढचे दिवस माझ्या दोन्ही खुर्च्यांवर आग होती. खालच्या आळीने बैठक घेऊन तिला मंडळातून काढलं. कुणीतरी आठवण करून दिली की तिला रीतसर घेतलंच नव्हतं, मग त्यांनी तिच्या वड्या कुणी खायच्या नाहीत असं ठरवलं. ते आठवडाभर टिकलं, तेही पुढच्या दाराने. मागच्या दाराने पोरं पाठवून मागवतच होते. गिन-सानने प्रमुखपद सोडलं आणि दुकान मुलांवर टाकलं. लोक त्याच्यावर चिडले ते थो-हायसाठी नव्हे. पन्नास वर्षं वरच्यांना ज्या गोष्टीबद्दल शिव्या दिल्या ती आपल्याच माणसाची निघाली, याचा राग.

वरच्या आळीचा राग तर त्याहून मोठा. त्यांचा सगळ्यात मोठा विजय खोटा ठरला होता. 'दातपाड्या' म्हणून ज्याच्या पाठीवर थाप मारायचे त्याला आता 'वाकड्या' म्हणायला लागले, कारण त्या दिवशी तो फक्त वाकला होता. बुन-तेकने त्यांच्याकडे जाणं कमी केलं, पालखीला तेवढा वाजवायला जाई. एकदा तो तिच्या गाडीशी जाऊन म्हणाला, "तू माझं नाव घालवलंस."

"तुझं होतं कधी?" ती म्हणाली. "माझ्या बापाच्या तोंडातून काढून घेतलेलं. आता त्याला परत मिळालं."

नंतरच्या वसंतात पालखी निघाली. दोन्ही मंडळं चौकात आली, तर तिथे मासळीच्या उलट्या पाटीवर आ-क्याव बसलेली, सनई घेऊन. वरच्यांनी सुरू केलं की ती त्यांच्यावर वाजवायची, खालच्यांनी सुरू केलं की त्यांच्यावर. तिच्याकडे निशाण नव्हतं, त्यामुळे तिला हरवायचं कसं तेच कुणाला कळेना. दोन्ही मंडळांनी इतिहासात प्रथमच एकमेकांशी बोलणी केली, तिला कसं हटवायचं यासाठी. जमलं नाही. मग दरवर्षी ती तिथे बसायला लागली. लोक पालखीपेक्षा तेच बघायला येत. महोत्सववाल्यांनी भित्तिपत्रकावर तिचा फोटो छापला आणि खाली लिहिलं, 'बंदराची सनई-आजी'. तिने बाजारातली सगळी पत्रकं फाडली. "आजी कुणाची?" म्हणाली. "माझ्या पोटी पोर नाही. आणि बंदर काय माझ्या नावावर आहे?"

मग एका हिवाळ्यात बुन-तेकला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्या वसंतात वरच्या आळीचे लोक चौकात आले ते हातगाडीवर मोठा ध्वनिवर्धक घेऊन. बुन-तेकच्या जुन्या वाजवण्याचं ध्वनिमुद्रण त्यातून लावलं होतं, आणि चारदोन म्हातारे त्याच्या मागे ढोल धरत होते.

आ-क्यावने सनई वर केली, एक ओळ वाजवली, उत्तराची वाट पाहिली. ध्वनिवर्धक आपलंच वाजवत राहिला. ती उठली, हातगाडीपाशी गेली आणि वायर उपटली. मग ढकलाढकली झाली. वरच्यांनी पोलीस बोलावला. चौकीत तिला विचारलं, हे काय केलंत. ती म्हणाली, "मी माणसाशी भांडते. डब्याशी नाही." पोलीस खालच्या आळीचाच होता, त्याने ताकीद दिली, चहा दिला आणि सोडलं.

चौकीतून ती घरी गेली नाही. तडक डोंगराच्या पायऱ्या चढून बुन-तेकच्या घरी गेली. त्या आळीत तिने आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं. दार त्याच्या सुनेने उघडलं. सून घाबरली, पण अडवायची तिची छाती झाली नाही. आ-क्याव खाटेजवळ स्टूल ओढून बसली आणि तिने तोंड सोडलं. झटका आला म्हणून सुटलास का, म्हणाली. आवाज डब्यात भरून चौकात पाठवतोस आणि इथे दुलईत पडून राहतोस. आधी दुसऱ्याच्या बांबूवर नाव कमावलंस, आता दुसऱ्याच्या विजेवर वाजवतोस. तुझ्यापेक्षा तुमची करवंटीची सारंगी बरी, ती निदान खिळ्याला टांगून गप्प असते.

सून सांगत होती, तासभर चाललं ते. मधे आ-क्यावने पाणी मागितलं, प्यायली आणि पुन्हा सुरू. म्हातारा छताकडे बघत पडला होता. डॉक्टरांनी बोलायचे धडे दिले होते, घरातली माणसं रोज 'आई', 'भात' म्हणवून घेत होती, त्याच्या तोंडून नुसते घोगरे आवाज येत. मग त्याने मान वळवली, तोंड वाकडं केलं आणि आ-क्यावला एक शिवी हासडली. स्पष्ट. आईवरून. शेजारच्या खोलीत नातवंडांना ऐकू गेली.

आ-क्याव उठली. "हं," एवढंच म्हणाली आणि चपला घालायला लागली.

सून मला हे सांगताना माझ्या दुकानात रडत होती. सासऱ्याच्या दाढीसाठी मला घरी बोलवायला आली होती ती. मी म्हटलं, अहो, शिवीच तर होती, रडताय काय. ती म्हणाली, मी तिच्या मागे पायऱ्यांपर्यंत गेले, मावशी, पुन्हा या म्हटलं. तर म्हणाल्या, मला काय दुसरे उद्योग नाहीत का, तेल तापत ठेवून आलेय.

पण ती बुन-तेककडे जाते असं वरच्या आळीचे लोक म्हणतात. दुपारी गाडी झाकून ठेवलेली असते, तेवढं मी पाहिलं आहे. ती कुठे जाते ते मी विचारलेलं नाही. मला अजून तिच्याकडच्या वड्या खायच्या आहेत.